आल्चे मावशीची बदकं

सभ्य माणसाने वाढदिवसाला गेल्यावर यजमानांच्या संडासात जास्तीत जास्त किती वेळा जावं, याबद्दल आमच्या गावात लेखी नियम नाही. पण चौथ्या खेपेनंतर लोक बोलायला लागतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मी मुळात नियम पाळणारा माणूस. एकतीस वर्षं कालवे खात्यात पाण्याची पातळी लिहून घेतोय. पाणी चढलं की चढलं, उतरलं की उतरलं; पदरचा एक सेंटिमीटर कधी घातला नाही. छंदही तसाच निरुपद्रवी. जुन्या शाळेच्या आणि गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं जमवायची. छापील चित्रं माझ्याकडे ढिगाने आहेत. पण चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेलं मूळ चित्र मिळायला नशीब लागतं. उने विर्डा या चित्रकाराची मूळ चित्रं तर उभ्या देशात नऊच उरली आहेत, असं सगळे जाणकार मानतात. सगळे म्हणजे आम्ही चौघं. त्या नवांतलं एकही माझ्याकडे नाही. विर्डा ओळखायचा तो बदकांवरून. त्याचं प्रत्येक बदक नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखं उभं असतं, आणि सहीच्या जागी कोपऱ्यात एक इवलासा लाकडी बूट असतो.

तर आठ नोव्हेंबर. माझी बायको हिल्के हिच्या आल्चे मावशीचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस. भिंतीला लावून खुर्च्यांचं वर्तुळ केलेलं, आणि आल्यागेल्याने सगळ्यांशी हस्तांदोलन करत फिरायचं. मावशीचं अभिनंदन, मग अशी मावशी लाभल्याबद्दल भाचीचं अभिनंदन, अशा मावशीची भाची लाभल्याबद्दल माझं, आणि अशी शेजारीण लाभल्याबद्दल ओव्हरबेक यांचं. मग बसायचं ते गुडघ्यावर बशी ठेवून. अशा वर्तुळातून एक माणूस उठला की चौघांना पाय आखडून घ्यावे लागतात, आणि बाकीचे तो कुठे चालला ते बघतात.

पहिल्यांदा मी उठलो ते अगदी प्रामाणिकपणे, कॉफीमुळे. मावशीने यंदा दारावर नवी पाटी लावली होती: ‘पुरुषांनीसुद्धा बसावे.’ पाटी म्हटली की मी पाळणारच. बसलो, आणि दाराच्या आतल्या बाजूला नाकासमोर वाढदिवसांचं कॅलेंडर दिसलं. ते तिथेच असायचं, घरोघर तिथेच असतं. माणूस रोज निवांत बसतो तिथेच त्याला आठवण झाली पाहिजे की उद्या कुणाला शुभेच्छा द्यायच्या आहेत. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणून एकच कॅलेंडर पिढ्यान्‌पिढ्या चालतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, इतकी वर्षं मी या कॅलेंडराकडे पाठ करून उभा राहत आलो होतो.

नोव्हेंबरच्या पानावर धुक्यात तीन बदकं उभी होती. तिघांनीही नुकतीच वाईट बातमी ऐकली होती. कोपऱ्यात लाकडी बूट होता.

मी पुढे वाकलो. बोट ओलं करून कागदाच्या कडेला लावलं. हाताने भरलेला रंग, शाईची रेघ, छपाईचा ठिपकासुद्धा नाही. वरच्या दोरीत बारा पानं ओवलेली होती. म्हणजे नवाचे एकवीस झाले होते, आणि ते मला आणि त्या कमोडला सोडून जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कडी हलवून पाहिली.

पुढच्या खेपा चित्रांसाठी होत्या, हे मी मान्य करतो. एका खेपेत तीन-चार महिने बघून व्हायचे. भिंती पातळ, पानांची फडफड बाहेर ऐकू जाईल म्हणून एकेक पान श्वास रोखून उलटायचं. मार्चमध्ये गोठलेल्या कालव्यावर घसरून पडलेलं बदक होतं. जूनमध्ये बदकांची शाळा. आणि प्रत्येक पानावर खाली तारखांपुढे वाटेल त्या शाईने, पेन्सिलने, बॉलपेनने नावं लिहिलेली. लोकांना चित्राची काही कदरच नाही, असं मनात म्हणत मी चौथ्यांदा बाहेर आलो, तर वर्तुळ एकदम गप्प झालं.

“बरं वाटत नाही का?” ओव्हरबेक यांनी विचारलं. हे मावशीच्या भिंतीपलीकडे राहतात, निवृत्त औषधविक्रेते आहेत, आणि निवृत्ती त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही. “वय काय तुमचं? छप्पन्न? मग बरोबर आहे. भोपळ्याच्या बिया खा. मूठभर, उपाशीपोटी.”

“मी अगदी ठीक आहे.”

“ठीक असलेली माणसं एवढी जात नाहीत.”

वर्तुळात एका वेळी एकच विषय चालतो. पुढचा अर्धा तास तो विषय माझं मूत्राशय हा होता. कुणाच्या मेहुण्याला असंच सुरू झालं होतं आणि त्याने दुर्लक्ष केलं. कुणी डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. माझ्या लहानपणापासूनच्या अब्रूची ती लक्तरं बघत हिल्के केक खात होती. आणि मला मात्र एवढंच दिसत होतं की डिसेंबर बघायचा राहिलाय. मी पाचव्यांदा उठलो.

घरी जाताना सायकलवर हिल्केने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

“मग माग ना तिच्याकडे,” हिल्के म्हणाली. “म्हण, मावशी, मला हे आवडलं, देता का?”

“मागायचं नसतं, हिल्के.”

“का नसतं?”

आता हे तिला कसं समजवायचं? आमच्याकडे एरवी लोक फटकळ. तुझ्या नव्या कोटाची शिवण वाईट आहे, हे तोंडावर सांगतील. पण चित्रं जमवणारा माणूस या बाबतीत वेगळ्या धर्माचा असतो. जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही, शेजारची फुटकी बरणी बघायची. एकदा पुस्तकबाजारात मी ‘अरे, विर्डा!’ असं जोरात बोलून गेलो होतो, तर विक्रेत्याने चित्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि आजोबांची आठवण म्हणून पिशवीत घातलं. त्याच्या चेहऱ्यावरून आजोबा त्याच क्षणी जन्माला आले होते.

तेव्हा मी डाव टाकला. मावशीला नवं कॅलेंडर भेट द्यायचं. नवं लागलं की जुनं उतरणार, आणि जुनं उतरलं की ‘इकडे द्या, मी टाकतो’ म्हणायला मी तिथे हजर. मांजरीच्या पिल्लांचं कॅलेंडर आणलं. पिल्लांना नको म्हणणारी म्हातारी अजून जन्मायची आहे. मावशीला फोन केला, तिने वही बघून अठरा दिवसांनंतरचा गुरुवार दिला. ते अठरा दिवस मी भोपळ्याच्या बिया खाऊन काढले, कारण ओव्हरबेक यांनी त्या घरपोच केल्या होत्या.

“किती गोड पिल्लं!” मावशी म्हणाली. “पण माझ्याकडे आहे की कॅलेंडर.”

“ते जुनं झालंय, मावशी. दमट जागेत कागदाला बुरशी धरते. तब्येतीला वाईट.”

“बुरशी? पंच्याऐंशी वर्षं काही झालं नाही ते?”

“बुरशी सावकाश करते सगळं.” हे मी बोललो. मी, ज्याने पदरचा सेंटिमीटर कधी घातला नव्हता. “आत्ताच बदलून देतो ना. जुनं जाता जाता टाकतो.”

“तुला कशाला त्रास? बदलेन मी सवडीने.”

आणखी रेटलं तर संशय येणार. मी कॉफी संपवली आणि हात हलवत परत आलो. नऊ दिवस धड झोप नाही. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो, आणि हिल्के फोन ठेवून न्हाणीघरात आली.

“मावशीचा फोन. तुझं कॅलेंडर लावलंय म्हणे. फार छान दिसतं. जुनं काढलं.”

“काढून कुठे ठेवलं?”

“ते नाही विचारलं. का रे?”

मी फेसासकट मागे वळलो. महिन्याचा पहिला शनिवार. गावातल्या बँडची मंडळी पहिल्या शनिवारी घरोघरची रद्दी नेतात, त्यातून वाद्यांची दुरुस्ती होते. मावशीच्या गल्लीत दहाला ट्रक येतो. पावणेदहा वाजले होते.

पुलावर वारा नेमका समोरून होता. चित्र जमवण्याच्या छंदात व्यायाम नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी मला बघायला हवं होतं. अर्धी दाढी केलेली, अर्धी तशीच, तोंडाने मी देवाला काहीबाही कबूल करत होतो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दुसऱ्या टोकाला ट्रक उभा होता आणि बँडचा मोठा ढोल वाजवणारा आडदांड गृहस्थ खोकी आत फेकत होता. मावशीच्या दारात फुटपाथवर रद्दीचं खोकं होतं. मी सायकल टाकली आणि गुडघ्यांवर बसून खोक्यात हात घातला.

जाहिराती. चर्चचं पत्रक. फरशीच्या दुकानाची पुस्तिका. बियांची पाकिटं.

“बिया संपल्या का?” डोक्यावरून आवाज आला. ओव्हरबेक पायांत सपाता घालून आले होते. “रद्दी कशाला उपसताय?”

“काही नाही. एक कागद.”

“कागद एकदा फुटपाथवर आला की तो बँडचा होतो. मीच त्या समितीवर आहे.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “डॉक्टरकडे गेलात का? कधी कधी हे डोक्यात जातं.”

समोरच्या घरातली बाई बाहेर आली. तिने सांगितलं की हरवलेला कागद नेहमी खोक्याच्या तळाशी असतो. तिच्या नवऱ्याने सांगितलं की तो कधीच खोक्यात नसतो, तो कोटाच्या खिशात असतो. ट्रक तीन घरं पुढे सरकला. मी खोकं सरळ पालथं केलं. वाऱ्याने जाहिराती गल्लीभर पसरल्या आणि त्यांच्या मागोमाग निळ्या गणवेशातली नगरपालिकेची बाई आली.

“हे तुमचं खोकं आहे?”

“माझ्या बायकोच्या मावशीचं आहे.”

“त्यांची लेखी परवानगी?”

“माझ्या बायकोची मावशी आहे हो!”

“ते कळलं. चुकून टाकलेली वस्तू परत हवी असेल तर अर्ज करावा लागतो. अर्ज घरून भरायचा, मग भेटीची वेळ मिळते. साधारण बुधवारनंतरची.” तिने वही काढली. “आणि हे सगळं गोळा करा आधी. ओळखपत्र?”

ओळखपत्र घरी, दाढीच्या सामानाशेजारी. आयुष्यभर नियम पाळलेला मी, रस्त्यावर उकिडवा बसून फरशीच्या जाहिराती गोळा करत होतो, आणि गल्ली बघत होती. ढोलवाला खोक्याशी येऊन उभा राहिला. “घेऊ का?” त्याने विचारलं. मी तळ बघितला होता. बदकं नव्हती. म्हणजे ती आधीच ट्रकात गेली होती, किंवा काल गेली होती, किंवा शेकोटीत. मला खरोखर रडू येत होतं, आणि एका गालावर फेस वाळलेला असताना रडणं फार वाईट दिसतं.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. मावशी आतून बघत होती. टकटक करायला तिने हातातली वस्तू वापरली होती. ती कात्री होती.

“लुबर्ट! माझ्या रद्दीत काय करतोयस? आत ये, कॉफी तयार आहे.”

मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या टेबलावर मांजरीची पिल्लं होती, गोंदाची बाटली होती, आणि बदकं होती. अकरा पानं शाबूत. जानेवारीचं मात्र खालचं अर्धं अंग बारीक पट्ट्या होऊन पसरलं होतं, आणि वरचं अर्धं, बर्फात रांगेने उभी असलेली सात बदकं, कॉफीच्या किटलीखाली होती.

“नावं उतरवायची तर हात कापतो माझा,” मावशी म्हणाली. “म्हटलं, कापून चिकटवू. वाया कशाला घालवायचं?” आणि तिने फेब्रुवारी उचलून कात्रीत धरला.

“मावशी, नको!”

ओरडण्याची एवढी ताकद माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. कात्री थांबली. मी किटली उचलली. सात बदकांभोवती तपकिरी गोल डाग उमटला होता. मग माझ्याने राहवेना. बुरशी खोटी, पिल्लं खोटी, पाचांतल्या चार खेपा खोट्या, सगळं सांगून टाकलं. विर्डा कोण, त्याची किती चित्रं उरली आहेत आणि हे बारा कागद काय आहेत, तेही.

मावशीने हातातला फेब्रुवारी उजेडात धरला. मग म्हणाली, “उने, म्हणजे तो उंच. माझ्या आईला मागणी घातली होती त्याने. एक अख्खा हिवाळा बसून हे काढलं आणि तिला दिलं. आईने लग्न बाबांशी केलं आणि हे संडासात लावलं. बाबांची हरकत नव्हती. म्हणायचे, तिथे मीही रोज भेटतो त्याला.” तिने कात्री खाली ठेवली. “आणि तू म्हणे मागायचं नसतं. मागितलं असतंस तर दिलं असतं मी. पाचव्या खेपेलाच दिलं असतं.”

“आता?” मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

“आता नाही. आता मला कळलं ना ते काय आहे.” ती उठून ओट्याच्या खणात चष्मा शोधायला लागली. “खुर्चीवर बस. तो जानेवारी आधी जोडून दे.”

दुपारपर्यंत मी पट्ट्या जोडत होतो. मावशी चष्मा लावून एकेक नाव वाचून मला देत होती. “तीन जानेवारी, खेरित. माझा भाऊ.” नावापुढे बारीक क्रॉस आणि साल. “नऊ, तिनेके. हिच्या लग्नात मी पाण्यात पडले.” पुन्हा क्रॉस. माणूस गेलं की क्रॉस करायचा, नाव खोडायचं नाही. जानेवारीत अकरा नावं होती आणि क्रॉस नऊ. चित्राची नासाडी म्हणून ज्या शाईला मी शिव्या घालत होतो, ती प्रत्येक वेळी मावशीने, तिच्या आईने त्या अरुंद खोलीत उभं राहून, भिंतीला वही टेकवतात तसा हात टेकवून लिहिली होती. मी गोंद लावताना हात जपून चालवायला लागलो. चित्रासाठी म्हणून नव्हे.

कॅलेंडर परत दारावर गेलं. मांजरीची पिल्लं मला परत मिळाली. ती आमच्याकडे लावली आहेत. आणि मावशीने खणातून बरण्यांना लावायची चिकटपट्टी काढली. आमच्याकडची वयस्क माणसं कपाटाखाली, घड्याळामागे अशा चिठ्ठ्या लावून ठेवतात, म्हणजे मागाहून भांडणं होत नाहीत. पण त्या मागे लावतात. मावशीला जवळचं दिसत नाही, म्हणून तिने मोठ्या अक्षरात लिहून पुढेच, दोरीच्या खाली, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावली: ‘मी गेल्यावर – लुबर्टला.’

त्या घरी येणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथे बसतो. दोन आठवड्यांत गावभर झालं.

फेब्रुवारीत मावशीला छातीचा त्रास झाला. मी वाटाण्याचं सूप घेऊन गेलो, तर दारात ओव्हरबेक. “लक्ष आहे म्हणायचं तुमचं,” ते म्हणाले. फोन केला तर गिधाड, न केला तर दगड. “तू विचारू नकोस, मी विचारते,” असं हिल्केने सांगितलं. मग ती फोनवर असताना मी शेजारी उभा राहून खोकल्याचा आवाज ऐकायचा प्रयत्न करायचो. रात्री अंथरुणात मी विर्डाची बारा चित्रं मनाने भिंतीवर लावायचो आणि लगेच उतरवायचो, कारण ती लावायची म्हणजे आधी काय झालेलं असणार ते समोर यायचं. मार्चमध्ये मावशी पुन्हा सायकलवर दिसली, तेव्हा मी कचेरीत सगळ्यांना कॉफी दिली आणि का ते सांगितलं नाही.

यंदाच्या आठ नोव्हेंबरला पुन्हा तेच वर्तुळ. हस्तांदोलनं करताना लोक मला अभिनंदन म्हणताना अंमळ थांबत होते. मी एकदाच उठलो. चौघांनी पाय आखडले, आणि ओव्हरबेक अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बघून येतायत, आहे ना जागेवर.”

बसलो. पाटी होती तशीच होती. धुक्यात तीन बदकं. आणि आठ तारखेपुढे, तिच्या आईच्या अक्षरात, फिकट शाईत: आल्चे. पुढची जागा मोकळी. हे कॅलेंडर माझ्या घरी येईल त्या दिवशी त्या मोकळ्या जागेत क्रॉस करायचं काम माझं असेल, हे मला तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. मी नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं. ती सहज सुटली, पण हाताला चिकटली. झटकत होतो तेवढ्यात बाहेर गाणं सुरू झालं, आणि गाण्याला गैरहजर राहणं म्हणजे तर कळसच झाला असता. मी धावत गेलो.

गाणं सगळ्या देशाला पाठ आहे. ती खूप जगो, खूप जगो, खूप जगो, एवढंच आहे त्यात. सगळे गात होते, पण मावशीकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी कितपत गातो ते. मला सूर नाही. मी जीव तोडून गायलो. आवाज चिरकला, एक काकू दचकल्या, पण मी थांबलो नाही. शेवटी तीनदा हुर्रे म्हणून हात वर करायचे असतात. एक, दोन, आणि तिसऱ्याला माझा उजवा हात सगळ्यांत उंच होता, आणि तळहातावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मी गेल्यावर – लुबर्टला.’

कुणी हसलं नाही. ओव्हरबेक यांचा हुर्रे अर्धाच आला.

“काढलीस?” मावशीने विचारलं.

“हो, मावशी.”

“का? नकोय का तुला?”

“हवंय,” मी म्हणालो. “फार हवंय. पण तुम्ही जाऊ नका.”

 मावशीने रुमाल शोधला, तो सापडला नाही, म्हणून हिल्केचा घेतला.

“बरं,” ती म्हणाली. “मग हात खाली घे आता. कॉफी निवतेय सगळ्यांची.”